दिवसांआधी आलेल्या बाळाचा आहेर: मंडळाच्या मायबहिणींना खुलं पत्र

प्रति,
महिला मंडळ, सोमवारची भिशी आणि भजनी मंडळाच्या सर्व भगिनी,
अमळनेर

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा प्रश्न आला. आपल्यातल्या एकीची सून दहा आठवडे आधीच बाळंत झाली, बाळ सव्वा किलोचं आहे, काचेत ठेवलंय, तर मंडळातर्फे काय द्यायचं? तासाभरात उत्तरं आली: चांदीचे वाळे, पाळणा, बेबी किटचा मोठा खोका, दुधाच्या पावडरीचा डबा, मखमली फ्रॉक, राईची उशी, बाळगुटीचं साहित्य. एकीनं लिहिलं, "आत्ता काही नको, बाळ घरी येऊ द्या, मग बघू." मी ग्रुपवरच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण ते लांबत गेलं. शिवाय ही चर्चा काही आपल्या एकाच मंडळात होत नाही. चोपड्याला, पारोळ्याला, शिरपूरला, शहाद्याला अशीच होते. म्हणून हे उघड पत्र. माझी सगळी नोकरी नवजात बाळांच्या कक्षात गेली. दाराबाहेर पिशव्या घेऊन उभे राहिलेले सोयरे मी भरपूर पाहिलेत. त्या पिशव्यांतलं काय उपयोगी पडलं आणि काय तसंच घरी परत गेलं, तेही पाहिलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाचा आहेर बाळाला करायचा असतो, तो बारशाला दिला तरी चालतो. दिवसांआधी आलेल्या बाळाचा आहेर त्याच्या आईबापाला करायचा असतो, आणि तो बाळ काचेत असतानाच पोचला पाहिजे. "मग बघू" म्हणेपर्यंत त्याची वेळ निघून जाते.

आधी थोडं बाळाविषयी, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. आपल्याकडे म्हाताऱ्या बाया अजून म्हणतात, "सातमाश्या जगस, अठमाश्या जगत नही." हे साफ चुकीचं आहे. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा कधीही सुरक्षित. पण हे वाक्य बाळंतिणीच्या कानावर पडतं, तेही कक्षाच्या दारात, आणि ती रात्रभर जागी राहते. आपल्या भेटीतून काय वगळायचं याची यादी केलीत तर हे वाक्य पहिल्या नंबरावर घाला.

अशा बाळाची फुप्फुसं कोवळी असतात, अंगावर चरबी नसते म्हणून ऊब टिकत नाही, आणि साधारण 34 आठवड्यांच्या आधी चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ त्याला नीट जमत नाही. म्हणून काच, म्हणून नळी, म्हणून पायाला बांधलेली ती लाल दिव्याची पट्टी, जिच्यावरून रक्तातला ऑक्सिजन कळतो. पहिल्या काही दिवसांत वजन आणखी उतरतं. ते अपेक्षितच असतं, भरून यायला दोनेक आठवडे लागतात. त्यामुळे "कितलं वजन शे आता?" हा आपला लाडका प्रश्न रोज फोन करून विचारू नका. आई आकडा सांगते, समोरून "अरे बाप रे" येतं, आणि तिला वाटतं आपणच कुठे कमी पडलो.

आता वाळ्यांचं. जळगावच्या सराफ्याला अख्खा महाराष्ट्र ओळखतो, त्यामुळे आपल्या हाताला सोन्या-चांदीची सवय आहे. पण सव्वा किलोच्या बाळाचा पाय मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढा असतो, त्यावर कधी सुईची पट्टी असते, कधी ऑक्सिजनची. वाळे, कडे, करदोडा यांतलं काहीही आत जात नाही. जाऊही नये, धातूच्या खाचांत जंतू बसतात. वाळ्यांचे पैसे पाकिटात घालून आत्ता द्या. कुणी म्हणेल, रोख देणं बरं दिसत नाही. दिसत नसेल, पण त्या घरात आज काय चाललंय ते बघा.

सरकारी रुग्णालयातल्या नवजात कक्षात उपचार मोफत असतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून आजारी अर्भकाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि ये-जा यांचा पैसा घ्यायचा नाही असं ठरलेलं आहे. 102 नंबरची गाडी त्यासाठीच असते. तरीही घर पोखरतं ते दुसऱ्या वाटेनं. बाप कामावर जात नाही म्हणून रोज बुडतो. सासू, आई, नणंद यांच्यातलं कुणीतरी रोज एसटीने येतं-जातं. बाहेरचं जेवण, चहा, मोबाईलचं रिचार्ज, रात्री आडवं व्हायला भाड्याची खोली. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नंदुरबारला आलेलं कुटुंब तर रोज परत जाऊच शकत नाही, ते आवारातच पथारी पसरतं. आणि बाळ खाजगी दवाखान्यात असेल, किंवा नंदुरबारकडची मंडळी नेतात तसं सुरतेला नेलेलं असेल, तर दिवसाला हजारो रुपये लागतात. अशा वेळी पाकीट हा सगळ्यात सभ्य आहेर आहे. वर नाव घालू नका, आतल्या आकड्याची चर्चा ग्रुपवर करू नका.

पाकिटाइतकाच मोलाचा, आणि पैसा न लागणारा, आहेर म्हणजे कागदपत्रांमागे धावणारा माणूस. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांचा कागद असं सगळं जुळवावं लागतं. कार्डावर नाव चुकलेलं निघतं, सुनेचं नाव अजून माहेरच्याच कार्डावर असतं. ज्या बापाला आत काय चाललंय याची धास्ती आहे, तो तहसीलच्या खिडकीत उभा राहून काय करणार? आपल्या मंडळात निवृत्त तलाठ्याची पत्नी आहे, बँकेतल्या ताई आहेत, सेतू केंद्र चालवणाऱ्या वहिनी आहेत. त्यांच्या घरातलं एक माणूस दोन दिवस त्या बापाबरोबर फिरलं, तर तो आहेर पाळण्यापेक्षा मोठा.

आता दुधाकडे येते. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुकीचे आहेर इथेच होतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध औषधासारखं लागतं. त्यांच्या आतड्याला एक गंभीर आजार होऊ शकतो, आणि आईच्या दुधावरच्या बाळांत त्याचा धोका कमी असतो. पण बाळ अंगावर पिऊ शकत नाही, मग आईला दूध काढून द्यावं लागतं. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा, रात्रीचं न चुकवता. सुरुवातीला चमचाभरही येत नाही. जे पिवळसर चीक येतं ते थेंबाथेंबानं बाळाला देतात. ज्या बाईला टाके आहेत, झोप नाही, बाळ जवळ नाही, तिनं रात्री दोनला उठून दूध काढायचं. अशा वेळी तुम्ही पावडरीचा डबा हातात ठेवता, तेव्हा तुमच्या मनात नसलं तरी तिला ऐकू येतं की तुझं दूध पुरणार नाही. पावडर लागलीच तर डॉक्टर लिहून देतील, आणि ती कोणती हेही तेच ठरवतील. 1992 च्या कायद्यानं या डब्यांची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला कंपन्यांना बंदी आहे. कंपनीला जे करता येत नाही ते मंडळाच्या बॅनरखाली फोटो काढून आपण करावं, हे मला पटत नाही. आईचं दूध खरंच कमी पडलं तर दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासलेलं आणि पाश्चराइज केलेलं दूध हा पर्याय असतो. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. आपल्या भागात अशी सोय वाढावी म्हणून मंडळांनी जिल्हा रुग्णालयाकडे पाठपुरावा केला, तर मला आनंद होईल. ते मात्र वेगळ्या पत्राचं काम.

मग दुधासाठी द्यायचं काय? झाकणाच्या स्टीलच्या लहान वाट्या आणि लांब दांड्याचे छोटे चमचे, सहा-सहा तरी, म्हणजे उकळायला टाकले तरी हाताशी दुसरे राहतात. जुन्या बाया बोंडलं देतात. कक्षातही तशाच आकाराच्या भांड्यानं पाजतात, तेव्हा ते देणं उत्तमच, पण चांदीचं नक्षीदार नको. स्टीलचं, गुळगुळीत, नळीचा भाग ब्रशनं घासता येईल असं. दूध घरून दवाखान्यात न्यायचं असेल तर बर्फाच्या पिशव्यांसकट छोटा थंड डबा. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या घरात जातो, तिथे एसटीतल्या दोन तासांत साध्या डब्यातलं दूध टिकत नाही. ब्रेस्ट पंप द्यायचा असेल तर आईला आधी विचारा. पुष्कळ जणींना हातानं काढणंच सोपं जातं, आणि ते सिस्टर शिकवतात. वहिनीचा वापरलेला पंप मात्र पुढे देऊ नका. घरगुती पंप एकीनंच वापरायचा असतो, त्याच्या आतल्या भागात दूध जातं आणि ते निघत नाही.

आणि डबा. खायचा डबा. यात आपण खानदेशच्या बाया कुणाला हार जाणार नाही. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, मुगाचं वरण, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं चालेल. पण बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, भाज्या बंद करायच्या, निव्वळ भाकरी-तुपावर ठेवायचं, ही पथ्यं आता पुरे. दूध काढणाऱ्या बाईला तहान लागते, तिला पोटभर पाणी आणि पोटभर जेवण हवं. तिला वांग्याचं भरीत आवडत असेल तर भरीत द्या. "बाळाला बाधेल" म्हणून तिच्या ताटातून घास काढून घेणाऱ्या बाया मी पाहिल्यात, बाळ तेव्हा नळीतून चार-चार मिली दूध घेत असतं. डबा एकदम तिघींनी पाठवला तर दोन वाया जातात. वार वाटून घ्या. डब्यात दोन माणसांचं जास्तीचं घाला, कारण बाप नेहमी "मी खाल्लंय" म्हणतो. आणि डबे परत मागू नका.

बाळगुटी, मध, घुटीचं पाणी यांबद्दल एकच वाक्य: सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी लिहिलेले थेंब सोडून तोंडात काहीही नाही, आणि मध तर वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला नाही, कारण त्यातून एक जीवघेणी विषबाधा होऊ शकते. गुटीची सहाण सुंदर असते हे मान्य. ती कपाटात राहू द्या.

उबेविषयी सांगते. 1978 साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात एका रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा एडगर रे नावाच्या डॉक्टरांनी लहान बाळं आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. त्यालाच आता कांगारू पद्धत म्हणतात. ती गरिबाघरचा तात्पुरता उपाय म्हणून सुरू झाली, पण टिकली ती परिणामामुळे. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेनं घेतलेल्या एका मोठ्या अभ्यासात, जन्मल्यापासून लगेच असं छातीशी ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांत पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथ्या हिश्श्यानं कमी दिसले. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि 2022 पासून संघटना सांगते की अशा बाळांना रोज 8 ते 24 तास छातीशी ठेवा.

आठ तास! बसून बघा एकदा प्लास्टिकच्या खुर्चीवर, टाके असताना, छातीवर सव्वा किलोचं बाळ घेऊन. आईनं कांगारू सोडून देण्याचं कारण बहुतेक वेळा आळस किंवा लाज नसतं, पाठ असतं. म्हणून माझ्या मते अशा घराला द्यायची सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे आरामखुर्ची. मागे रेलता येईल अशी, हाताला टेकू असलेली, साधी लाकडाची आणि कापडी पट्ट्याची, आजोबांच्या ओसरीवर असायची तशी. तिच्याबरोबर पुढून उघडणारे दोन सैल सुती गाऊन, बापासाठी पुढून बटणांचे मऊ शर्ट (हो, बापही कांगारू करतो आणि चांगलं करतो, फक्त त्याला कुणी बसू दिलं पाहिजे), आणि बांधायला मऊ सुती लांब कापड. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी यासाठी बाजारातल्या कुठल्याही महाग पट्ट्यापेक्षा बरी. सुरुवातीला कसं बांधायचं हे सिस्टरकडून बघून घ्यावं, म्हणजे बाळाची मान वाकत नाही.

कपड्यांचं तेच. बेबी किटमधलं सगळ्यात लहान झबलंही या बाळाच्या गुडघ्याखाली जातं. आपण कापसाच्या मुलखातल्या बाया, आपल्या घराघरांत शिवणयंत्र आहे. जुन्या मऊ धोतराची किंवा साडीची झबली शिवा, पुढून उघडणारी, बाजूला नाडी असलेली. बटण नको, हुक नको, टिकली-मोती नको, आतली शिवण अंगाला लागू नये म्हणून ती बाहेरून घ्या. हाताची बाही सैल ठेवा, कारण सलाईनची पट्टी त्यातून जायची असते. टोपी आणि पायमोजे जास्त हवेत, कारण डोक्यातून ऊब फार जाते. लंगोट रुमालाच्या आकाराचे करा. हे सगळं उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून, स्वच्छ पिशवीत घालून द्या, कारण दवाखान्यात धुवायला-वाळवायला जागा नसते. लोकरीचं, मखमली, नायलॉनचं काही नको. आणि मे महिन्यात चार दुपट्यांत गुंडाळूही नका, बाळ जसं गार पडतं तसं तापतंही. बाळाचं पोट आणि तळपाय दोन्ही सारखे कोमट लागले म्हणजे ठीक. एक डिजिटल थर्मामीटर दिलात तर हा वादच मिटतो.

राईच्या उशीबद्दल आणि झोळीबद्दल मला आपल्या आज्यांशी भांडावं लागतं, तरी लिहिते. घरी आल्यावर बाळ सपाट, जरा कडक अंथरुणावर, उताणं झोपवायचं. उशी नको, लोड नको, तोंडाजवळ गोधडी नको. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि छोट्याशा बाळाचा श्वास अडकू शकतो. शेतात झोळी बांधून आपण सगळे वाढलो, ते पूर्ण दिवसांचे होतो. काजळामुळे डोळ्याला संसर्ग होऊ शकतो आणि पुष्कळ काजळांत शिसं असतं. पावडर श्वासात जाते. धुरी आणि शेगडी यांनी कोवळ्या फुप्फुसांचं काय होत असेल, हे मी वेगळं सांगायला नको. बाळंतिणीला शेक घ्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरते. ती द्या, विस्तव नको.

पेढ्यांचं राहिलं. बाळ काचेत आहे म्हणून त्या घराला कुणी अभिनंदन म्हणत नाही, बाप पेढे वाटत नाही, पाचवी चोरून होते. मुलगी झालीय की मुलगा, नाव काय ठेवणार, कुणावर गेलंय, हे कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारा. "अभिनंदन, आई झालीस" असं चिठ्ठीवर लिहून डब्याबरोबर पाठवा. बाळ कसंही असलं तरी ती आई झालेली आहे. आणि असंही घडतं की बाळ जगत नाही. तेव्हा दिलेलं परत घेऊ नका, "पुन्हा होईल" म्हणू नका, आणि हे लक्षात ठेवा की त्या बाईचं दूध तरीही काही दिवस येत राहतं. छाती दाटते, ताप येतो. तिला त्या वेळी दवाखान्यात घेऊन जाणारं कुणीतरी हवं असतं.

भेटीला जायचं का? बहुतेक नाही. सर्दी-खोकला असलेल्यानं तर अजिबात नाही. बाळ घरी आल्यावरही महिना-दोन महिने दार बंद असू द्या, आणि बारसं लांबलं म्हणून कुणाला राग येऊ देऊ नका. घरातल्या एकाच माणसाला फोन करायचा, त्यानं ग्रुपवर आठवड्यातून एकदा लिहायचं, बाकीच्यांनी तेवढ्यावर समाधान मानायचं. गेलातच, तर कोपरापर्यंत हात धुऊन, अत्तर न लावता जा, बाळाला न उचलता धुण्याची बादली उचला. मोठं भावंड असेल तर त्याला शाळेतून आणा, जेवू घाला, आपल्या घरी खेळू द्या. त्या पोराकडे या दिवसांत कुणाचंच लक्ष नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बाजारात मिळत नाही. 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनानं जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्माच्या तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचा असतो, आणि फारच लहान असेल तर त्याहूनही लवकर. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या झालेल्या नसतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टी जाऊ शकते. बाहेरून काहीही दिसत नाही, डोळा सुंदर, टपोरा दिसतो. वेळेत सापडलं तर लेसरनं किंवा इंजेक्शननं दृष्टी वाचवता येते, उशिरा सापडलं तर नाही. आणि ही तपासणी नेमकी तेव्हा येते, जेव्हा बाळ नुकतंच घरी आलेलं असतं, घर थकलेलं असतं, आणि सासू म्हणते, "एवढं लहान लेकरू घेऊन कुठं उन्हात फिरायचं?" तपासणी एकदाच नसते, पडदा पुरा होईपर्यंत परत परत बोलावतात. गावाजवळ सोय नसेल तर धुळ्याला किंवा जळगावला, काही वेळा आणखी लांब. कानाची तपासणीही अशीच राहून जाते.

म्हणून ज्या घरात चारचाकी आहे त्यांनी आहेर म्हणून एक फेरी द्यावी. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेली तारीख विचारून घ्यावी, आदल्या दिवशी फोन करावा, सकाळी ऊन चढायच्या आत गाडी दारात न्यावी, वाटेत आईला बाळ छातीशी धरून मागे नीट बसता येईल असं बघावं, आणि परत आणून सोडावं. तीन-चार घरांनी फेऱ्या वाटून घेतल्या तर एकाही तारखेला खाडा होणार नाही. आशाताई घरी येतात, वजन करतात, तारखांची आठवण करून देतात, पण गाडी त्यांच्याकडेही नसते.

वर्षाच्या वाढदिवसाला काही द्यायचंच असेल, तर एक हिशोब डोक्यात असू द्या. दहा आठवडे आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी त्याची वाढ पावणेचार महिन्यांच्या बाळासारखी बघायची असते. दोन वर्षांपर्यंत डॉक्टर असंच मोजतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. त्यामुळे कपडा वयाच्या चिठ्ठीवरून घेऊ नका, माप विचारा. आणि "आमचा नातू या वयात बसायचा" हे घरीच ठेवून या.

येत्या सोमवारी भिशी आहे. माझा प्रस्ताव असा. या वेळी वाळ्यांसाठी जमलेली वर्गणी तशीच पाकिटात घालून त्या घरी पोचवावी. मंडळाच्या शिल्लकेतून दोन आरामखुर्च्या घ्याव्यात, एक आपल्या सभासदांच्या घरांत लागेल तशी फिरेल, दुसरी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला, तिथल्या सिस्टरना काय चालतं ते आधी विचारून. त्यावर देणगीदारांची नावं रंगवायची नाहीत. शिवण येणाऱ्या बायांनी झबल्यांचे लहान-मोठे तीन कागदी नमुने कापून मंडळाच्या कपाटात ठेवावेत, मी मापं घेऊन येते. ज्यांना शक्य आहे त्यांच्या घरातल्या मोठ्या माणसांचे रक्तगट एका वहीत लिहून घ्यावेत. या बाळांना कधीकधी थोडंथोडं रक्त द्यावं लागतं, आणि बाप त्या वेळी रक्तपेढीसमोर एकटा उभा असतो. गाड्यांची यादीही त्याच वहीत. वही भिशीच्या डब्यात राहील.

त्या सुनेच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख मी विचारून ठेवली आहे. पहिली फेरी कोण घेतंय ते सोमवारी सांगा.

आपली,
मंडळाची एक सभासद, निवृत्त परिचारिका